ईएसआयने ‘नाही’ म्हटल्यावर

डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला की सगळ्या महाराष्ट्राला कळते. २६ मे २०१६ चा प्रोबेसचा स्फोट आणि २३ मे २०२४ चा अमुदानचा स्फोट अजून कुणी विसरलेले नाही. पण वागळे इस्टेटच्या एखाद्या गाळ्यात पॉवर प्रेसखाली बोट जाते, तेव्हा शेजारच्या गाळ्यालाही पत्ता नसतो. हाताला फडके गुंडाळून कामगाराला रिक्षात घालतात, टाके पडतात, महिना-दोन महिन्यांनी तो परत कामावर येतो. मग कधीतरी कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, म्हणजे ईएसआयचे, पत्र हाती पडते. ‘आपल्या कमाईच्या क्षमतेत घट आढळली नाही’, किंवा ‘घट ९ टक्के’, किंवा ‘सदर इजा नोकरीतील इजा म्हणून मान्य करता येत नाही’.

बहुतेक माणसे इथेच थांबतात. सरकारी शिक्का बसला म्हणजे विषय संपला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात या पत्रानंतर कायद्याने आणखी पायऱ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांतली शेवटची थेट मुंबई उच्च न्यायालयात जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात ईएसआय कापले जाणारे लोक घरटी सापडतील. त्या पायऱ्या कुठल्या, कोणत्या पायरीवर काय मागता येते आणि काय मागून उपयोग नाही, ते एकेक करून पाहू.

पैसे कशाचे मिळतात

ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना नव्हे. १९४८ च्या कायद्याने आलेली ही विम्याची योजना आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ती लागू होते. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

कामावर इजा झाली तर दोन प्रकारचे पैसे मिळतात. काम करता येत नाही तेवढ्या काळापुरता तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ असतो, तो सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिले पाहिजे, एवढीच त्याची अट. जखम भरली, पण हात पूर्वीसारखा राहिला नाही, तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. कामगार त्यालाच ‘ईएसआयचे पेन्शन’ म्हणतात. तो आयुष्यभर चालतो. कामगार पुन्हा त्याच कारखान्यात, त्याच पगारावर कामाला लागला म्हणून तो बंद होत नाही. मोजमाप आजच्या पगाराचे नसते, कमावण्याच्या क्षमतेचे असते. या दोन्ही लाभांसाठी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली असावी, अशीही अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी बोट गेले तरी हक्क पुरा असतो.

किती घट झाली हे टक्क्यांत ठरते. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याची यादी आहे. संपूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसता शेंडा तुटला तर ५ टक्के. मधले बोट पूर्ण गेले तर १२ टक्के.

या आकड्यांचे रुपये करून पाहू. सोयीसाठी कामगाराचा सरासरी रोज ६०० रुपये धरू. पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. तर्जनीचे एक पेर धरले तर ९ टक्क्यांनी रोजचे ४८ रुपये ६० पैसे, महिन्याचे १,४५८ रुपये. पूर्ण तर्जनी धरली तर १४ टक्क्यांनी रोजचे ७५ रुपये ६० पैसे, महिन्याचे २,२६८ रुपये. फरक महिन्याला ८१० रुपयांचा. कामगार तिशीतला असेल आणि पुढे चाळीस वर्षे जगला, तर हाच फरक ३,८८,८०० रुपयांवर जातो. टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर ९ लिहिले की १४, यावर इतके अवलंबून असते.

हिशेबाचा पाया मात्र कागदावरचा पगार असतो. ठेकेदार हातात १८,००० देत असेल आणि ईएसआयला ११,००० दाखवत असेल, तर लाभाची बेरीज ११,००० वरूनच सुरू होते. पगार कमी दाखवल्याने कामगाराची कपात थोडी वाचते खरी, पण अपघात झाला की त्याची किंमत जन्मभर मोजावी लागते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. एसटीच्या सवलतीसाठी किंवा सरकारी योजनेसाठी सिव्हिल हॉस्पिटलातून मिळणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे. तिथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली ४० टक्क्यांची मर्यादा महत्त्वाची असते. ईएसआयचे टक्के कमाईच्या क्षमतेचे असतात आणि तिथे ४० ची अट नाही, ५ टक्क्यांवरही हक्क उभा राहतो. ‘माझे ४० भरत नाहीत’ म्हणून अर्जच न करणारे लोक यातच फसतात.

‘नाही’ कुठले, ते आधी ओळखा

पत्र हातात आले की पहिले काम म्हणजे नकाराचे कारण नीट वाचणे. नकार साधारण तीन जातींचे असतात आणि तिन्हींच्या वाटा निराळ्या आहेत.

पहिला नकार: तुम्ही विमेदारच नव्हता. अपघात ४ तारखेला झाला आणि ठेकेदाराने विमा क्रमांक ६ तारखेला काढला, असे प्रकार होतात. यावर कायदा कामगाराच्या बाजूने स्पष्ट आहे. वर्गणी भरणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्याने ती भरली नाही किंवा नोंदणीला उशीर केला म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये भारगथ इंजिनिअरिंगच्या निकालात हेच सांगितले. महामंडळाने लाभ द्यावा आणि तो मालकाकडून वसूल करावा, अशी कायद्यात सोय आहे.

दुसरा नकार: ही नोकरीतली इजा नव्हे. म्हणजे इजा झाली हे मान्य, पण ती कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली हे अमान्य. इथे कामगाराच्या मदतीला एक महत्त्वाचे कलम येते, ५१-अ. अपघात कामाच्या ओघात झाला एवढे दिसले, की तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे. उलट पुरावा आणायचा तर तो समोरच्याने आणावा. ‘गार्ड काढून काम करत होता’, ‘हातमोजे घातले नव्हते’ हे मालकांचे ठरलेले बोलणे. पण कलम ५१-ब म्हणते, नियम मोडला असला तरी जे केले ते मालकाच्याच कामासाठी केले असेल, तर ती नोकरीतली इजाच.

तिसरा नकार टक्क्यांचा: घट शून्य, किंवा फारच कमी.

पहिले दोन वाद थेट कर्मचारी विमा न्यायालयात जातात. तिसरा आधी मेडिकल बोर्डाकडे आणि मग अपिलात. ही विभागणी लक्षात न घेता भलत्याच दारात गेलेल्या माणसाची दोन-तीन वर्षे हकनाक जातात.

बोर्डासमोर

मेडिकल बोर्ड म्हणजे डॉक्टरांचे मंडळ. ते केसपेपर बघते, एक्स-रे बघते, हात हलवायला सांगते आणि टक्के लिहिते. या सगळ्याला फार वेळ लागत नाही, म्हणून तयारीने जावे. बोट तुटले हे दिसतेच. न दिसणारे मात्र सांगावे लागते: उरलेल्या बोटाला मुंग्या येतात, थंडीत ते आखडते, स्क्रू धरता येत नाही, वजन उचलताना पकड सुटते. आपण नेमके कुठले काम करत होतो हेही सांगावे. यादीत बसणाऱ्या इजेला यादीतले टक्के मिळतात. यादीत न बसणाऱ्या इजेचे, म्हणजे ताठर झालेले मनगट किंवा अर्धवट जुळलेले हाड यांचे टक्के बोर्डाला अंदाजाने ठरवावे लागतात, आणि वाद तिथेच पेटतात. इजा अजून पुरती बसलेली नाही असे वाटले तर बोर्ड तात्पुरते टक्के देऊन पुढे पुन्हा तपासणी ठेवू शकते. त्या फेरतपासणीची तारीख चुकवू नये.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर कलम ५४-अ खाली दोन मार्ग आहेत. एक, वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जायचे, आणि तिथेही समाधान झाले नाही तर पुढे कर्मचारी विमा न्यायालयात. दुसरा, मधली पायरी सोडून सरळ कर्मचारी विमा न्यायालयात. मुदत निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांची. इजा नंतर अनपेक्षितपणे बळावली, तर निर्णयाचा फेरविचार मागण्याची वेगळी सोयही कलम ५५ मध्ये आहे.

इथे एक खाच आहे, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही. कमी टक्क्यांच्या लाभाची दरमहा रक्कम लहान असते, म्हणून सगळी रक्कम एकदम घेण्याची सवलत कायद्यात दिली आहे. पण बोर्डाच्या निर्णयावर अशी एकरकमी रक्कम मागून घेतली, की त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क संपतो. घरात लग्न असते, डिपॉझिट भरायचे असते, एकदम मिळणाऱ्या पैशांचा मोह होणारच. टक्के मान्य नसतील तर मात्र अपिलाचा निर्णय आधी घ्यावा आणि एकरकमी अर्जावर सही नंतर करावी.

कर्मचारी विमा न्यायालयात

हे न्यायालय राज्य सरकार नेमते. अर्ज कुठे करायचा हे राहत्या पत्त्यावर ठरत नाही. वाद उभा राहिला तेव्हा कामगार ज्या भागात कामाला होता, त्या भागाच्या न्यायालयात तो करायचा. कल्याणला राहणारा माणूस वागळे इस्टेटमध्ये कामाला असेल, तर त्याची केस वागळे इस्टेटच्या हिशेबाने चालते. अशा वादात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, कायद्यानेच ते दार बंद केले आहे.

टक्क्यांच्या अपिलाला तीन महिन्यांची मुदत आहे हे वर आलेच. बाकीच्या वादांत, वादाचे कारण घडल्यापासून तीन वर्षांत अर्ज करता येतो. मात्र त्याआधी लाभाची मागणी ती देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत महामंडळाकडे केलेली असावी. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे सवड मागता येते.

या न्यायालयाला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे आणि शपथेवर साक्ष घेण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. बोर्डाने काय लिहिले तेवढेच बघून ते थांबत नाही. टक्क्यांचे अपील आले असेल तर सगळे मुद्दे ते स्वतः ठरवू शकते. आपल्या बाजूने हाडांचा डॉक्टर साक्षीला आणता येतो, मालकाकडून मस्टर मागवता येते, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला समन्स काढता येते. बोर्डाचा निर्णयच अजून झालेला नसेल आणि टक्क्यांचा प्रश्न मध्येच निघाला, तर न्यायालय तो आधी बोर्डाकडे पाठवायला सांगते.

डॉक्टरांच्या साक्षीत काय घडते ते जरा जवळून पाहू. समजा, कामगार टर्नर आहे आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यापासून गेली आहे. यादीप्रमाणे दोन पेरे, ११ टक्के. महामंडळाच्या दृष्टीने प्रश्न संपला. पण तपासणीत दिसते की उरलेले पेर ताठ आहे, तळहाताशी वाकत नाही, आणि शेजारचे मधले बोटही पूर्ण मिटत नाही. मधल्या बोटाची ही ताठरता बोर्डाच्या कागदावर आलेलीच नसते. वकील डॉक्टरांना विचारतात: टूल-पोस्टचा नट आवळताना जोर कुठल्या बोटांवर येतो? मायक्रोमीटर कुठल्या बोटांत धरतात? सगळा वाद या दोन उत्तरांवर फिरतो. यादी हाडाची लांबी मोजते. हात कितपत चालतो हे साक्षीतून पुढे आणावे लागते.

हा विचार न्यायालयांना नवा नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका सुताराचा खटला आला होता. डावा हात कोपराच्या वरून कापला गेला होता. यादीप्रमाणे घट ७० टक्क्यांची, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने १०० टक्केच कायम ठेवले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. तो खटला १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालचा होता, ईएसआयचा नव्हे. तरी माणसाच्या धंद्याकडे पाहून इजा मोजावी, हा युक्तिवाद त्यातूनच उचलला जातो.

या न्यायालयात वकील लागतोच असे नाही. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला लेखी अधिकार देऊन तो कामगारातर्फे उभा राहू शकतो. वकील हवा असेल आणि पैसे नसतील, तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती दोघांनाही मोफत वकिलाचा हक्क दिला आहे.

घर आणि मशीन यांच्या मधली वाट

आपल्या भागातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाद प्रेसखालच्या बोटाचा नाही, तो रोजच्या वाटेचा आहे. डोंबिवलीहून सातची लोकल पकडून ठाण्याला उतरणारा माणूस वाटेत पडला, तर ती नोकरीतली इजा का?

या प्रश्नाचा मोठा इतिहास मुंबईतच घडला. डिसेंबर १९५२ मध्ये कुर्ला स्टेशनवरचा एक रेल्वे कर्मचारी मध्यरात्रीच्या पाळीसाठी शेजारच्या क्वार्टर्समधून निघाला आणि वाटेत अज्ञात माणसांनी त्याला भोसकले. क्वार्टर्समधून स्टेशनला जायला रेल्वेच्या आवारातूनच वाट होती. त्याच्या विधवेचा खटला ‘भागूबाई विरुद्ध मध्य रेल्वे’ म्हणून प्रसिद्ध आहे. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १९५४ मध्ये भरपाई मान्य केली. नोकरीमुळेच त्याला त्या वेळी त्या जागी असावे लागले, एवढा संबंध पुरे, असे ठरले. १९६३ मध्ये बेस्टच्या ड्रायव्हरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जोगेश्वरी डेपोत काम संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता, आणि त्या बसला अपघात झाला. तिथेही भरपाई मिळाली.

मग उलटा निकाल आला. केरळमधला एक कामगार १९७१ साली सायकलने पाळीला निघाला होता. कारखाना किलोमीटरभर राहिला असताना लॉरीने त्याला ठोकले. खालच्या दोन्ही न्यायालयांत तो जिंकला, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईएसआयची बाजू मान्य केली: सार्वजनिक रस्त्यावरचा अपघात म्हणजे कामाच्या ओघातला अपघात नव्हे. पुढची चौदा वर्षे हा निकाल कामगारांच्या आड येत राहिला. शेवटी २०१० मध्ये संसदेने कायद्यात ५१-ई हे कलम घातले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला, तर नोकरीतलाच धरावा.

त्यावर शेवटचा हात फिरवला तो महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते परत दिले. ५१-ई हे कलम आधीपासून असलेल्या हक्काचा खुलासा करणारे आहे, म्हणून २०१० पूर्वीच्या अपघातालाही ते लागू होते, असे त्या निकालाने सांगितले. अपघातापासून निकालापर्यंत बावीस वर्षे गेली.

९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये गर्दीच्या दोन लोकलमधून माणसे खाली पडली, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा अपघातात रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत एक वर्षाची. पण पडलेला माणूस विमेदार कामगार असेल आणि पाळीला निघाला असेल, तर ईएसआयचे दारही उघडे असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी संबंध दाखवावा लागतो: मासिक पास, पाळीची वेळ, त्या दिवशी कामावर येणे अपेक्षित होते याची नोंद, आणि वाट नेहमीचीच होती ही गोष्ट. सुटल्यावर मध्येच दुसऱ्या गावी लग्नाला गेला आणि तिथून येताना पडला, तर संबंध तुटतो.

हायकोर्टात काय होते, काय होत नाही

कर्मचारी विमा न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तर साठ दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. पण ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. याचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण इथे अनेकांची निराशा होते. ‘डॉक्टरने माझा हात नीट बघितला नाही’, ‘त्या साक्षीदारापेक्षा माझा साक्षीदार खरा होता’ हे मुद्दे हायकोर्टात चालत नाहीत. वस्तुस्थितीचा शेवटचा शब्द खालच्या न्यायालयाचा. कामगार भरपाई कायद्यातही अपिलाची अशीच मर्यादा आहे. तिथे पुरावा नव्याने तोलून भरपाई बदलणाऱ्या उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फिरवला होता.

मग चालते काय? खालच्या न्यायालयाने कलमच चुकीचे वाचले. ५१-अ चे गृहीत कामगाराच्या बाजूने धरायचे, ते विसरून पुराव्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर ठेवले. नोंदीवर असलेला महत्त्वाचा कागद पाहिलाच नाही. कुठलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला. अशा चुका सापडल्या तर उच्च न्यायालय निकाल फिरवते, किंवा पुन्हा नीट ऐका म्हणून प्रकरण खाली पाठवते. ईएसआयच्या पत्राविरुद्ध सरळ रिट अर्ज घेऊन हायकोर्टात गेले, तर साधारण एकच उत्तर मिळते: कायद्याने दिलेला मार्ग आधी संपवून या.

म्हणजे वर जावे तसा पुराव्याला वाव कमी होत जातो. बोर्डासमोर हात दाखवता येतो, विमा न्यायालयात साक्षीदार उभा करता येतो, हायकोर्टात फक्त खालून आलेले कागद बोलतात. खाली जे नोंदवलेच नाही, ते वर कुणालाही निर्माण करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. वर दिलेले कलमांचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत, संहितेत ते बदलले, पण बोर्ड, अपील, विमा न्यायालय आणि उच्च न्यायालय ही रचना संहितेतही आहे, आणि कामावर जाता-येतानाचा अपघातही तिच्यात धरला आहे. जुन्या अपघाताचा वाद असेल तर वकिलाला दोन्ही कायदे समोर ठेवूनच अर्ज लिहायला सांगावे.

पहिल्या तासातला खोटेपणा

केस जाते कुठे, ते आता सांगतो. बोट तुटल्यावर रिक्षात सुपरवायझर शेजारी बसतो आणि पोराला समजावतो, “डॉक्टरला घरी लागलं म्हणून सांग. दरवाज्यात सापडलं म्हण. खर्च सगळा शेठ करणार, तू नको टेन्शन घेऊस.” पोरगा घाबरलेला असतो, नोकरी जाईल ही भीती वेगळीच. खासगी नर्सिंग होमच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात: घरी दरवाज्यात बोट अडकल्याचा इतिहास. शेठ टाक्यांचे पैसे देतो आणि विषय मिटतो. वर्षभराने पोरगा ईएसआयकडे जातो, तेव्हा समोर पहिला कागद हाच येतो. पुढे बोर्ड, विमा न्यायालय, हायकोर्ट, सगळीकडे महामंडळाचा वकील तोच कागद वाचून दाखवतो.

म्हणून अपघात झालेल्या प्रत्येकाला आणि त्याला उचलून नेणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला एवढेच सांगणे आहे. डॉक्टरला खरे सांगा: कुठल्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर, किती वाजता. शक्य असेल तर ईएसआयच्याच दवाखान्यात जा, वागळे इस्टेट आणि उल्हासनगर इथे रुग्णालये आहेत. कारखान्याच्या अपघात वहीत नोंद करायला लावा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढा. गंभीर इजेचा अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म १२, मालकाने शाखा कार्यालयाला ताबडतोब पाठवायचा असतो. तो टाळत असेल तर स्वतः लेखी कळवून पोचपावती घ्या. हजेरी कार्ड, पगाराची स्लिप, पास, एक्स-रे जपून ठेवा. बोर्डाचे कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि नकाराचे पत्र आले तर त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण तीन महिने त्याच दिवसापासून मोजले जातात.